त्रिकोणी डोंगर आणि रिकामी तासिका

प्रति,
मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र,
पुणे

विषय : प्राथमिक शाळांतील कला आणि डिझाइनच्या शिक्षणाबाबत

महोदय/महोदया,



पोलादपूर तालुक्यात कापडे, उमरठ, ढवळे या पट्ट्यातल्या एखाद्या प्राथमिक शाळेत मुलांना ‘निसर्गचित्र काढा’ असे सांगितले, तर कागदावर काय उमटेल ते आपण पुण्यात बसूनही सांगू शकाल. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेतून अर्धवट वर आलेला सूर्य, तिथूनच निघून खाली येता येता रुंद होत गेलेली नदी, काठावर एक झोपडी, एक नारळाचे झाड आणि आकाशात दोन-दोन फटकाऱ्यांचे पक्षी. हेच चित्र नंदुरबारात निघते आणि गडचिरोलीतही निघते. पण कापड्याच्या मुलासमोर खरा डोंगर उभा आहे आणि तो त्रिकोणी नाही. सह्याद्री लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला. त्याचा माथा बहुतेक ठिकाणी सपाट आहे, अंगावर पायऱ्यांसारखे कडे आहेत आणि दोन कड्यांमधल्या पट्ट्यात झाडी आहे. इथला सूर्य कुठल्या खाचेतून डोकावत नाही, महाबळेश्वरच्या पठारामागून वर यायलाच त्याला उशीर होतो. नारळाहून आंबा, फणस, ऐन, किंजळ हीच झाडे जास्त. मूल हे सगळे रोज पाहते, त्यातूनच चालत शाळेत येते आणि कागद समोर आला की न पाहिलेले काढते. यात मुलाचा दोष नाही. चित्र पाहून काढायचे नसते, आधीच ठरलेले असते ते पुन्हा उतरवायचे असते, हा धडा त्याला शाळेनेच दिला आहे.

मुलांची चित्रे अधिक सुबक यावीत म्हणून हे पत्र लिहिलेले नाही. सुबकपणा हीच तर अडचण आहे. माझी तक्रार अशी की कला या नावाखाली प्राथमिक शाळा मुलांना तयार उत्तरे देते : छापील बाह्यरेषेत भरायचे रंग, फळ्यावरून उतरवायचे फूल, घडीच्या कागदाची ठरलेली होडी. द्यायला हवा तो प्रश्न, तो सोडवण्यापुरते साहित्य आणि चुकायला पुरेल इतका वेळ. आपली परिषद अभ्यासक्रम ठरवते, शिक्षकांची प्रशिक्षणे आखते, मूल्यमापनाच्या रीती घालून देते. म्हणून शाळेकडे किंवा शिक्षकांकडे न जाता थेट आपल्याकडे येत आहे. वेळही हीच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्याचा अभ्यासक्रम आराखडा झाला, २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला आणि पुढच्या इयत्तांची पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावर सारा महाराष्ट्र बोलत होता, आणि अखेर सरकारला आपले निर्णय मागे घ्यावे लागले. तो वाद व्हायलाच हवा होता. मात्र वेळापत्रकात काही नवे घालायचे ठरले की जागा कुठून काढायची, याचे उत्तर आपल्याकडे विचारण्याआधीच ठरलेले असते, कला आणि कार्यानुभवाच्या तासिकांतून! त्या तासिकांसाठी कोणी रस्त्यावर येत नाही.

तयार उत्तरांची ही सवय आली कुठून, ते पाहायला हवे. मुंबईत सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. त्या काळात इंग्लंडात साऊथ केन्सिंग्टनची जी शिक्षणपद्धती रूढ होती तिचाच प्रभाव इथे पडला : आधी रेषा, मग भूमिती, मग नमुन्यावरून हुबेहूब नक्कल, मग छायाप्रकाश. हेतू उघड होता. कारागिरांचा हात वळवायचा होता, आरेखक तयार करायचे होते. त्या हेतूसाठी ती शिस्त चुकीची नव्हती, आणि त्या शाळेतून पुढे थोर चित्रकारही निघाले. पण शालेय चित्रकलेचा साचा मात्र त्या शिस्तीतून घडला तो कायमचा. कला संचालनालय घेते त्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचे विषय पाहा : वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. खेड्यापाड्यांतल्या असंख्य मुलांना कागद, ब्रश आणि रंगांशी ओळख करून देण्याचे श्रेय या परीक्षांना द्यायलाच हवे. पण संकल्पचित्र म्हणजे व्यवहारात चौकोनात किंवा वर्तुळात फुलापानांची नक्षी नेमकी बसवणे, एवढेच उरले. ती वस्तू कोणी वापरायची, कशासाठी, कशाची करायची, हे प्रश्न त्यात येत नाहीत. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून एरवी चित्रकलेकडे ढुंकूनही न पाहणारी घरे नववीत मुलांना क्लासला घालतात. तो हिशोब मी समजू शकतो. न समजण्यासारखे हे की चौदा वर्षांच्या मुलासाठी आखलेल्या परीक्षेची सावली सहा वर्षांच्या मुलावर पडते. पहिलीतल्या मुलाकडूनही सरळ रेषा, ओळखू येणारे फूल आणि रेषेबाहेर न जाणारा रंग यांचीच अपेक्षा असते.

आणि हे महाराष्ट्रात घडते याचे जास्त वाईट वाटते, कारण दुसरी वाट याच मातीत मळलेली होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली सेवाग्रामला आले आणि पुढची अनेक वर्षे त्यांनी तिथल्या शाळेत मुलांना कला शिकवली. कला हा शिक्षणाच्या कडेला लावायचा गोंडा नसून शिक्षणाचा पायाच आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि मुलांच्या चित्रांच्या आधाराने त्यांनी ते पुस्तकरूपात मांडले. मोठ्यांचे नियम मुलांवर लादू नयेत, मुलाच्या वाढीच्या प्रत्येक टप्प्याची स्वतःची चित्रभाषा असते, हे त्यांनी सेवाग्रामच्या साध्या साधनांत दाखवून दिले. नई तालीमीत उणिवा होत्या. शाळेने स्वतःचा खर्च भागवावा हा आग्रह धरला की हातमागावरचे मूल विद्यार्थी राहत नाही, कामगार होते, ही टीका तेव्हाही झाली आणि ती रास्तच होती. तरी वस्तू करताना विचार घडतो, हे तिचे मूळ सूत्र टीकेतून शाबूत उरते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला जे काम केले त्यात शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हेच शिक्षणसाहित्य होते. आदिवासी मुलाला परके वाटू नये म्हणून शाळा त्याच्या अंगणात नेणारी ही माणसे होती. आपल्या परिषदेच्या प्रशिक्षणांत या दोन्ही नावांना हार घातला जातो. त्यांची पद्धत मात्र कोठीत राहते. कोठारी आयोगानंतर आलेल्या कार्यानुभवाचे काय झाले ते सांगायला फार शब्द नकोत : ‘टाकाऊपासून टिकाऊ’ म्हणून केलेली वस्तू पंधरवड्यात पुन्हा टाकाऊ होते.

आता डिझाइनबद्दल. हा शब्द उच्चारला की अहमदाबाद किंवा पवईची मोठी संस्था, संगणक आणि लठ्ठ शुल्क डोळ्यांपुढे येते, म्हणून प्राथमिक शाळेच्या संदर्भात तो अनेकांना चैनीचा वाटतो. पोलादपूर-महाडच्या मुलाला त्यासाठी कुठे जावे लागत नाही. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या या भागात वाकून लावणी करणाऱ्या बाईची पाठ कोरडी राहावी आणि दोन्ही हात मोकळे राहावेत, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे इरले. बांबूच्या कामट्या, पाने आणि पाठीचा बाक यांचा तो हिशोब आहे. कमरेला कोयता अडकवायची आकडी घ्या : धारदार हत्यार चालताना अंगाला लागू नये, झाडावर चढताना पडू नये आणि एका हाताने काढता यावे, या तीन अटी लाकडाच्या एका लहान तुकड्याने पाळल्या आहेत. सूप एका बाजूला उघडे का असते, टोपलीचा तळ चौकोनी आणि तोंड गोल कसे होते, पेंढ्याची उडवी रचताना पाणी आत का मुरत नाही, घराच्या छपराला इतका उतार का आणि पडवी कुठल्या बाजूला, हे सारे डिझाइनचेच धडे आहेत. आणि हे धडे ज्यांना पाठ आहेत ती बुरूड, सुतार, कातकरी घरांतली माणसे शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहतात. त्यांची मुले शाळेत मागच्या रांगेत बसतात. आपल्या आजीला येणारी विद्या शाळेतही विद्या मानली जाते, हे त्या मुलांना एकदा जरी दिसले तरी रांगा बदलतील. राष्ट्रीय धोरणात स्थानिक कलावंतांना आणि कारागिरांना शाळेत मार्गदर्शक म्हणून बोलावण्याची शिफारस आहे. ती अमलात आणायला मानधनाची एक छोटी तरतूद आणि मुख्याध्यापकाला खर्चाची मुभा, एवढेच लागेल. फक्त त्यांना शिक्षकदिनी शाल-श्रीफळ देऊन परत पाठवू नये, मुलांच्या हातात कामटी द्यावी.

वास्तूंचेही तसेच. शाळांच्या सहली रायगडावर जातात. मुलांना राज्याभिषेकाचे साल पाठ असते, ते असायलाही हवे. पण महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा का दडवला आहे की चढून येणाऱ्याला तो शेवटपर्यंत दिसू नये, हा प्रश्न गडावर कोणी विचारत नाही. तो विचारून परत आल्यावर माती-दगडांत ‘शत्रूला न दिसणारे दार’ करायला सांगितले, तर इतिहास, भूमिती आणि हस्तकला यांचे वेगळे तास लागणार नाहीत. महाडजवळ गांधारपाले येथे महामार्गाला लागून बौद्ध लेणी आहेत. बांधणे म्हणजे दगडावर दगड रचणे, आणि इथे तर दगड काढून टाकून खोली झाली आहे; सात वर्षांच्या मुलाला याहून विलक्षण गोष्ट कोणती सांगणार? साबणाची एक वडी आणि बोथट खिळा, इतक्या साहित्यात हा धडा वर्गात होतो. हे केवळ कल्पनेतले नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात या शतकाच्या पहिल्या दशकात डिझाइन आणि तंत्रज्ञानाच्या शालेय शिक्षणावर काम झाले. पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती, बाहुल्यांचा खेळ असे विषय घेऊन मुलांनी गटात चर्चा केली, आधी कागदावर आराखडा काढला, मग ती वस्तू केली आणि शेवटी एकमेकांचे काम तपासले. त्यात मराठी माध्यमाची मुले होती, आदिवासी भागातलीही होती. म्हणजे मराठी मुलांसाठीचे संशोधनही राज्यातच उपलब्ध आहे.

यावर पहिला आक्षेप शिक्षकांचा येईल आणि तो सर्वांत वजनदार आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत, पण ते सहावी ते आठवीसाठी आणि तेही पट शंभराच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, त्यात कलाशिक्षक नाहीच. मुंबईकडे स्थलांतर होऊन वाड्यावस्त्या रिकाम्या होत चाललेल्या डोंगराळ तालुक्यात शंभराचा पट ही दूरचीच गोष्ट. म्हणजे ज्या मुलांपर्यंत चित्रांची पुस्तके, संग्रहालये, शिबिरे यांतले काहीच पोहोचत नाही, त्यांनाच कायद्याने कलाशिक्षकापासूनही लांब ठेवले आहे. हा कायद्यातला दोष आपण एकट्याने दूर करू शकत नाही, हे मान्य. पण दोनशिक्षकी शाळेत कला शिकवता येत नाही, हे मान्य नाही. उलट, चार इयत्ता एका खोलीत बसवून शिकवण्यासाठी कलेइतका सोयीचा दुसरा विषय नसेल. भागाकार शिकवताना पहिलीतल्या मुलाला बाजूला बसवावे लागते. ‘पावसात पुस्तके भिजणार नाहीत असे काहीतरी करा’ म्हटले की पहिलीचे मूल पान गुंडाळते, चौथीचे मूल मोजमाप घेते आणि दोघांचे काम खरे असते. त्यासाठी शिक्षकाला उत्तम चित्र काढता येण्याची गरज नाही. आपल्याला चित्र येत नाही म्हणून शिक्षक तासिका टाळतात, कारण फळ्यावर नमुना काढून देणे हेच आपले काम आहे, असे त्यांना प्रशिक्षणात सुचवले गेले आहे. नमुना काढायचाच नाही असे एकदा ठरले, तर ही भीती निम्म्याने उतरेल.

दुसरा आक्षेप : आधी वाचन आणि गणित, मग बाकीचे. निपुण भारत अभियानानंतर हा आक्षेप अधिकृत झाला आहे. तिसरीच्या मुलाला ओळ वाचता येत नसताना त्याला चित्रे कसली काढायला लावता, असे विचारणाऱ्या शिक्षकाचा कळवळा खरा असतो. पण लेखनाची सुरुवात अक्षरापासून होत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की याने शंभरेक वर्षांपूर्वी मांडले की हावभाव, खेळ आणि चित्र ही लेखनाचीच पूर्वरूपे आहेत; वस्तूऐवजी खूण वापरता येते, हे मूल प्रथम चित्रात शिकते. ज्या मुलाने आपल्या मनातली गोष्ट कधी रेघांनी मांडली नाही, त्याला ‘क’ आणि ‘म’ ही दुसऱ्यांच्या मनातली चिन्हे वाटत राहतात. कला आणि साक्षरता यांत भांडण लावून आपण साक्षरतेचेच नुकसान करतो. इथे एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. कलेमुळे गणिताचे गुण वाढतात असे सांगून कलेची वकिली करणारे पुष्कळ भेटतात. हार्वर्डच्या प्रोजेक्ट झीरोमध्ये एलेन विनर आणि लोइस हेटलँड यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा २००० साली घेतला, तेव्हा चित्रकलेमुळे इतर विषयांत प्रगती होते, असे म्हणायला भक्कम पुरावा मिळाला नाही. पुढे त्यांनीच चांगल्या कलावर्गांचे निरीक्षण करून दाखवले की तिथे दुसरेच काहीतरी शिकवले जाते : बारकाईने पाहणे, नसलेले मनात आणणे, केलेले मोडून पुन्हा करणे, चिकाटीने गुंतून राहणे, आपल्या कामावर बोलणे. कलेला दुसऱ्या विषयाची मोलकरीण म्हणून नोकरी मिळवून द्यायची गरज नाही. ‘कला एकात्मिक अध्ययन’ या नावाने आज बहुतेक ठिकाणी जे चालते, म्हणजे विज्ञानाच्या पानावर फुलाची आकृती रंगवणे, त्यात हीच नोकरी दिली जाते.

कला ही देणगी असते, सगळ्यांना कशाला, असे म्हणणाऱ्यांना थोडक्यात उत्तर देतो. गणिताचीही देणगी असते, तरी आपण पाढे सगळ्यांना शिकवतो. पालकांच्या अपेक्षांचे म्हणाल, तर त्यांना स्नेहसंमेलनात आणि स्पर्धांत जे दाखवले जाते तेच कला वाटते. ‘पाणी वाचवा’, ‘झाडे लावा’, ‘स्वच्छता’ अशा घोषणा देऊन काढवून घेतलेल्या चित्रांत मूल कुठे असते? बक्षीस बहुधा मोठ्या भावाच्या हाताला मिळते.

मूल्यमापनाचा मुद्दा जरा सविस्तर मांडतो, कारण तो पूर्णपणे आपल्या हातात आहे. ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. कला आणि कार्यानुभव या विषयांना लेखी परीक्षेतून मोकळे करून पूर्णपणे आकारिक मूल्यमापनाखाली ठेवले, ही फार चांगली गोष्ट होती. पण सोबत वर्णनात्मक नोंदी आल्या. ‘चित्रात सुसंगत रंग भरतो’, ‘कलेची आवड आहे’, ‘कागदकामात रुची घेते’ अशा वाक्यांच्या तयार याद्या शिक्षकांच्या मोबाइलवर फिरतात आणि वर्षअखेरीस नोंदवहीत उतरतात. मुलांनी नक्कल करू नये असे शिकवण्याच्या विषयातच नक्कल चालते. शिक्षकांना यासाठी दोष देणे सोपे आहे. तीस मुले, सगळे विषय, दोन सत्रे असा गुणाकार केला की त्यांची बाजू कळते. माझी मागणी अशी की कलेच्या वर्णनात्मक नोंदी सरळ बंद कराव्यात. त्याऐवजी प्रत्येक मुलाची तारीख घातलेली पाच-सहा कामे जुन्या वर्तमानपत्राच्या पाकिटात ठेवावीत, पहिलीचे पाकीट चौथीपर्यंत सोबत जावे आणि त्यावर मूल स्वतः एखादे वाक्य बोलेल ते शिक्षकाने टिपावे. अधिकाऱ्याने शाळा तपासायला आल्यावर नोंदवही न मागता दोन पाकिटे उघडून पाहावीत. तीस पाकिटांतली चित्रे एकसारखी निघाली, तर तोच खरा शेरा.

आणखी एक तक्रार भिंतींची आहे. ‘बोलक्या भिंती’ हा उपक्रम ज्या कल्पनेतून आला, ती दिल्लीच्या विन्यास संस्थेच्या कबीर वाजपेयी यांची. इमारत हेच शिक्षणसाहित्य करायचे, अशी. दार उघडते तिथे जमिनीवर कोन आखायचे, खिडकीच्या गजांचा उपयोग हात वळवायला करायचा, पायऱ्यांवर मोजणी आणायची. ती अस्सल डिझाइनची दृष्टी होती. शाळांपर्यंत पोहोचेपर्यंत त्यातला रंगारी तेवढा उरला. सुंदर शाळांच्या स्पर्धांत ठेका देऊन रंगवलेली कार्टूने, फळांचे तक्ते आणि सुविचार मुलांच्या डोक्याच्या बऱ्याच वर असतात आणि त्यांना हात लावू नये अशी सक्त ताकीद असते. शाळेची एक भिंत, जमिनीपासून मुलाच्या हाताच्या उंचीपर्यंत, गेरू आणि चुन्याने रंगवायला मुलांच्या ताब्यात द्यावी. ती दर दिवाळीनंतर पुसून पुन्हा रंगवता येते. स्पर्धेत तिला गुण मिळतील अशी निकषांत सोय करा. नाहीतर कोणताही मुख्याध्यापक हे धाडस करणार नाही, आणि त्याचे चुकतही नाही.

हा सारा आग्रह हौसेचा वाटत असेल तर एक गंभीर बाजू सांगतो. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यात तळीये आणि पोलादपुरात केवनाळे, साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. महाड शहर पाण्याखाली गेले. त्यानंतर पुनर्वसनाची घरे, संरक्षक भिंती, नवे रस्ते यांचे आराखडे झाले, आणि ते करणारे बहुतेक लोक बाहेरचे होते. शाळेत चित्रे काढली असती तर दरड थांबली असती, असे कोणी म्हणणार नाही. पण घर कुठे उभे आहे, पाणी कुठून उतरते, वाट कुठे बंद होते हे लहानपणी कागदावर आणि मातीत मांडून पाहिलेली पिढी ग्रामसभेत आराखडा समोर आल्यावर तो वाचू शकते आणि त्यावर बोट ठेवू शकते. आज आराखडा भिंतीवर लावला जातो आणि लोक त्याखाली सही करतात. आपल्या वाडीचा नकाशा, वरून पाहिल्यासारखा, मुलांनी चालून, पावलांनी मोजून काढणे हा तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासात सहज बसणारा प्रकल्प आहे. त्याला दरडीची भीती जोडू नये. मुले ती घरी ऐकतातच.

खर्चाची अडचण मला फारशी पटत नाही. कोळसा, खडू, गेरू, चिकणमाती, भाताचा तूस, कामट्या, सुतळी, जुनी वर्तमानपत्रे हे सर्व रायगड जिल्ह्यात फुकट किंवा जवळपास फुकट मिळते. ज्या जिल्ह्यातल्या पेणचे गणपती देशोदेशी जातात, तिथल्या शाळेत मुलांच्या हाताला माती लागत नाही, ही गरिबी पैशांची नाही. महाग आहे तो वेळ. म्हणून माझी पुढची विनंती वेळेची आहे : आठवड्यात विखुरलेल्या चाळीस-चाळीस मिनिटांऐवजी कलेसाठी सलग दोन तासिका एकत्र ठेवाव्यात आणि परीक्षेच्या काळात त्या दुसऱ्या विषयाला देऊ नयेत, असे लेखी स्वरूपात कळवावे. साहित्य काढणे आणि आवरणे यातच पाव तास जातो; उरलेल्या वेळात छापील चित्र रंगवण्यापलीकडे काही होऊ शकत नाही.

प्रशिक्षणाबद्दल दोनच गोष्टी मागतो. केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदांत सादरीकरणे पुष्कळ होतात. त्यांतल्या एका परिषदेत दोन तास शिक्षकांनी स्वतः माती किंवा कामट्या हाती घेऊन एखादा प्रश्न सोडवावा, स्लाइड न दाखवता. आणि कलाशिक्षक पदविका (एटीडी) घेऊन बसलेल्या, नोकरीची वाट पाहणाऱ्या तरुण कलाशिक्षकांपैकी एकेकाला एका केंद्राची जबाबदारी द्यावी. केंद्रातल्या शाळांत आळीपाळीने जाऊन त्याने शिक्षकासोबत शिकवावे, शिक्षकाऐवजी नव्हे. कायद्यातल्या शंभराच्या अटीवर हा उपाय पूर्ण नाही, पण वाडीवरच्या शाळेला वर्षातून काही दिवस तरी एक कलाशिक्षक दिसेल. त्याचे मानधन तासाच्या हिशोबाने तुटपुंजे ठेवले, तर तो पहिल्या पावसातच थांबेल. पोलादपूरच्या घाटवाटांना एसटीच्या फेऱ्या किती असतात, ते मानधन ठरवणाऱ्यांनी आधी पाहावे.

शेवटची विनंती पुस्तकांची. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ मध्ये शारीरिक शिक्षण, कार्यानुभव आणि कला एकत्र आणण्याचा प्रयत्न झाला, तो स्वागतार्ह होता. नवी पुस्तके करताना त्यांत रंगवायची बाह्यरेषा एकही नसावी. प्रत्येक पाठाशी निदान एक प्रश्न असा असावा, ज्याचे उत्तर कोकणातल्या, विदर्भातल्या आणि मराठवाड्यातल्या मुलाचे वेगवेगळे येईल. आणि शिक्षक हस्तपुस्तिकेत त्याचे नमुना उत्तर छापू नये. इयत्ता दुसरी ते चौथीच्या कलाविषयक मसुद्यावर हरकती मागवताना तो मसुदा तालुक्याच्या गटसाधन केंद्रात छापील स्वरूपातही ठेवावा, कारण डोंगरातल्या वाड्यांवर संकेतस्थळ उघडण्याइतके नेटवर्क नेहमी असतेच असे नाही. हरकतींसाठी किमान महिनाभराची मुदत द्यावी, आणि ती भातलावणीच्या हंगामात येऊ नये.

आपल्या लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

कळावे.

आपला विश्वासू,
एक नागरिक
कापडे, ता. पोलादपूर, जि. रायगड